तागडीला फुटलेले पाय

तेलगावात आमचं किराणा दुकान होतं, आणि माझं दुसरं दुकान होतं इंटरनेटवर. दुकानाच्या माळ्यावर बसून मी जपानी लोककथांमधली भुतं रंगवायचो आणि सायबर कॅफेत जाऊन ती विकायला ठेवायचो. एक डोळा आणि एक पाय असलेली जुनी छत्री लोकांना फार आवडायची.

वडील मात्र वैतागायचे. "भुतं कावून काढतो बे?"

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याला हळद-कुंकू वाहिलं. जुनी तागडी माळ्यावर धूळ खात पडलेली. माझं डोकंच फिरलं.

"जपानी लोक म्हणतात, जन्मभर राबवून टाकून दिलेल्या वस्तूत जीव येतो. मग ती रागावून भूत होते. माझी छत्री तसलीच हाय!"

वडील माळ्यावर चढले. त्यांनी तागडी खाली आणली, पुसली, तिलाही कुंकू लावलं. मी तिथंच बसून तिचं चित्र काढलं आणि एका पारड्यात टपोरा डोळा रंगवला.

वडील चित्रावर वाकले.

"पाय बी काढ बे. उभा जलम इथंच लटकली ती. आता जाऊ दे तिला लांब."