शेजारच्या मावशीसाठी एक नवं पुस्तक

धनज गावात तेव्हा वाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी होती. वडील शाळामास्तर, म्हणून ती आमच्या ओसरीवर. नवी पुस्तकं कारंज्याहून यायची आणि कुणी काय वाचायचं ते मी ठरवायची, कुणी विचारो न विचारो. रडायची हौस असलेल्या काकूंना कादंबरी, स्वतःला फार शहाणे समजणाऱ्या मामांना कुणाच्या तरी आठवणींचं जाडजूड पुस्तक. परत देताना कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरायचं. न आवडायला झालं काय, असं मी तोंडावर विचारायची.

एका दुपारी शेजारची मावशी आली. तिला अक्षरओळख नव्हती, पेटीकडे ती कधी फिरकलीही नव्हती. पण अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते. तुरी निघेपर्यंत नजर राहील, पुढे अंधार. तोवर डोळ्यांना एक पुस्तक दाखवायचं आहे, चांगलं पाहून दे, म्हणाली. माझा सगळा तोरा उतरला. पुस्तक सुचवायची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

चित्रांची नवी पुस्तकं होती दोन-तीन. पुष्कळ विचार करून मी शेतीचं काढलं. बैल, विहीर, कणसांवर आलेली ज्वारी.

"हे कायले दाखवतं मले?" मावशी म्हणाली. "हे तं डोये मिटूनबी दिसते."

मी वरमले. मग समुद्राचं काढलं. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नव्हता. दोन पानं भरून निळं पाणी आणि मधोमध एवढीशी होडी. मावशी तिला डोंगा म्हणायची. रोज दुपारी हात पदराला पुसून ती ते पान उघडायची आणि दिवसागणिक डोळ्यांच्या आणखी जवळ धरायची. बाहेर ऊन, अंगणात कोंबड्या, ओसरीवर आम्ही दोघी आणि तेवढं पाणी. कधी कधी मला लाटा ऐकू आल्यासारखं वाटे, त्या कशा वाजतात ते ठाऊक नसताना. डोंगा काठाला कधी लागेल, असं ती विचारायची. चित्र आहे ते मावशी, लागत नसतो, असं मी खेकसायची.

तुरी निघाल्या. नजर गेली. तरी मावशी ओसरीवर यायची थांबली नाही. पुस्तक न्यायला कुणी आलं की माझ्याआधी तीच सुचवायची: निळ्या पाण्याचं ने, डोंगा आता अर्ध्यात आला आहे. पुढं पुढं तिला काठावरची माणसंही दिसायला लागली. मला हसू यायचं आणि रागही यायचा. माझं काम तिनं पळवलं होतं ना!

एके दिवशी ती हसतच आली. डोंगा लागला, म्हणाली. मला राहवलं नाही. मी पेटी उघडली, ते पान काढलं आणि सांगून टाकलं, मावशी, होडी होती तिथंच आहे.

तिनं पानावरून सावकाश हात फिरवला.

"मंग थे तुह्यं पुस्तक जुनं झालं, पोरी. माह्यं नवं हाय."