दाजींना कुणीतरी हाणावं

आख्ख्या मराठवाड्यात मार खायला आमच्या दाजींइतका आसुसलेला माणूस दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव पैठणकडं, नोकरी शहरात, आणि दोन्ही किडन्यांनी ऐन चाळिशीत राजीनामा दिलेला. दिवसाआड डायलिसिस. तेव्हापासून या धिप्पाड माणसाला सगळे काचेच्या बरणीसारखं जपू लागले. जिन्यात कुणी हात धरायचं, कुणी हातातली पिशवी हिसकून घ्यायचं. भेटायला येणारा हटकून शहाळं आणायचा, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलेलं! "मारायलाच निघालेत की," दाजी म्हणायचे, "पण गोडीनं."

एके दिवशी हा बहाद्दर छावणीतल्या कराटेच्या वर्गात नाव घालून आला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मग अट घातली, की डायलिसिसच्या सुया टोचतात त्या डाव्या हाताला धक्का लागता कामा नये. बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. "अवं, लोक काय म्हणतील!"

"आजवर बिचारा म्हणत व्हते, आता येडा म्हणतील. येडा लई बरा."

मग काय विचारता! डावा हात पाठीमागं घेऊन दाजी अंगणात "हू! हा!" करत. वर्गातली पोरं दमली की माठावर तुटून पडत. दाजींना पाणीसुद्धा बेतानं, ते नुसती चूळ भरत, आणि ती थुंकताना त्यांचा जीव जाई. डायलिसिसच्या यंत्रापुढंही ते, लढतीआधी घालतात तसा, कमरेत वाकून नमस्कार घालत. नर्स हसली तर म्हणत, "सिस्टर, समोरचा कितीबी खवीस असू द्या, आधी वाकायचं असतं."

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत त्यांच्यासमोर एक दूधवाला आला. रेड्यासारखा गडी. सरांनी त्याला आधीच बजावलेलं, "पेशंट आहेत, सांभाळून." पठ्ठ्यानं इतकं सांभाळलं, की दाजींची लाथ अजून हवेतच आणि हा आडवा! टाळ्या पडल्या. बहिणीनं डोळे पुसले. दाजींचा चेहरा मात्र उतरला. कमरेचा नवा कोरा पिवळा पट्टा सोडून त्यांनी सरांच्या हातात दिला. "सर, हे बी शहाळंच. मला नाय चालत."

रिक्षानं घरी निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "मेव्हणं, जित्या माणसाशी असं लढतेत व्हय?"

त्यांनी दूधवाल्याला हातचं न राखता लढायची शपथ घातली. पुढच्या परीक्षेत त्यानं छातीत अशी ठेवून दिली, की दाजी धपकन बसले. हरले. पण घरी आले ते नवरदेवाच्या तोऱ्यात! सदरा वर करून साऱ्या गल्लीला काळानिळा डाग दाखवला. "हाणलं बरं का मला! खरंखुरं हाणलं!"

कमरेचा नवशिक्याचा पांढरा पट्टा मात्र काही बदलला नाही. पुढच्या परीक्षेआधीच प्रकृतीनं दगा दिला. दवाखान्यात मान उशीवरून उचलेना, तेव्हा दूधवाला भेटायला आला, रिकाम्या हातानं. पलंगाशी उभा राहून कमरेत वाकला. दाजींनी पांघरुणातून उजवी मूठ काढली.

"पडू नगंस."

"नाय पडत, दाजी."

मूठ त्याच्या पोटाला जेमतेम टेकली. गडी पाय रोवून उभा राहिला, तसूभर हलला नाही. दाजी किती दिवसांनी हसले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र तो भिंतीला धरता धरता पडला. तिथंच बसून लेकरागत रडला. दाजी त्याच आठवड्यात गेले. तो पडला होता, हे मी त्यांना कळू दिलं नाही.