मसालेभाताच्या रांगेतलं छोटं ताट

परदेशातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मी मसालेभात वाढत होतो. कानात ऑफिसची मीटिंग, हातात डाव आणि चेहऱ्यावर समाजसेवकाचं हसू. इतक्यात एक छोटं ताट पुढे आलं. मान वर न करताच मी मायेनं विचारलं, "बाळा, आईबाबा कुठे आहेत तुझे?"

"आई गाडी लावतेय. बाबा तूच आहेस ना?"

रांग खदखदून हसली. मीही हसलो, लाज झाकायला तेवढंच हाताशी होतं. परक्या मुलखात सगळ्यांचं व्हायची केवढी हौस माणसाला! आणि ताट धरलेलं ते इवलं मनगट काही ओळखू येत नाही.

"आमच्याबरोबर जेवशील ना?" लेकीनं विचारलं.

"आलोच," म्हणालो, आणि पुढच्या ताटात भात वाढला.