बेहड्याची ढोली

रान बघायला निघताना लोक पाण्याची बाटली घेतात, टोपी घेतात. मी आधी नाकाला बांधायला जुना पंचा घेते. हे सांगितलं की माणसं हसतात. हसणाऱ्याला मी म्हणते, एका रविवारी चल माझ्याबरोबर, लोणावळ्यापासून पवनेपर्यंत तू म्हणशील त्या रानाच्या तोंडाशी नेते, मग हस. करवंदीच्या जाळीत हात घालावा तर करवंदाच्या आधी पोराचा डायपर हाताला लागतो. अंजनी फुलते तेव्हा तिच्या फांद्यांना निळीजांभळी फुलं लगडतात, आणि बुंध्याशी कोंबडीची हाडं, मसाल्याची पाकिटं, फुटक्या बाटल्या. एकदा एक माकडीण बघितली. पोटाशी पिल्लू आणि ती वेफर्सच्या पिशवीत तोंड घालून आतलं मीठ चाटत बसलेली. मला तिची किळस आली. मग माकडाची किळस यावी इतके आपण कोण मोठे लागून गेलो, असं वाटून स्वतःची त्याहून जास्त आली.

मी राहते देहूरोडला. नवऱ्याची सगळी नोकरी तिथल्या डेपोत गेली. माहेर मात्र मावळातलं, पवना धरणाच्या वरच्या अंगाला. आईवडील गेल्यावर घर धाकट्या भावाचं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला ओढ आहे ती गावामागच्या देवराईची. ती कुणाच्याच नावावर नाही, म्हणून मला ती माझी वाटते. आत शिरलं की ऊन संपतं. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या असतात, वर शेकरू ओरडत असतं, आणि मधोमध आमची देवी. देवी म्हणजे शेंदूर लावलेला दगड, आम्ही तिला आई म्हणतो. आईला डोक्यावर छप्पर चालत नाही असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

या रानात कुऱ्हाड न्यायची तर आधी आईला कौल लावायचा, ही गावाची रीत. गुरव दगडाला पाणी घालतो, दोन्ही खांद्यांना एकेक पांढरी पाकळी चिकटवतो आणि मोठ्यानं विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. मला स्वतःला देवाधर्माचं फारसं वेड नाही, पण अख्ख्या मावळात टेकड्यांवर बंगले उगवले आणि एवढा तुकडा राहिला तो या पाकळीच्या धाकानं राहिला, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

रानाच्या अगदी तोंडाशी एक जुना बेहडा आहे. तीन पुरुष उंचीवर त्याला ढोली आहे आणि दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी तिथं घर करते. घारीएवढं राखाडी पाखरू, चोच मात्र अडकित्त्यासारखी. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेनं तोंड लिंपून घेते. बोटभर रुंदीची एक फट तेवढी ठेवते. आत बसून ती पंखांची पिसं गाळते, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. मग पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या चोचीवर. तो यायचा थांबला तर आतली सगळी उपाशी मरणार. मी हे नवऱ्याला सांगितलं आणि म्हटलं, बघ, शिक जरा. तो म्हणाला, मग तूही तीन महिने तोंड लिंपून घे, मी उंबरं आणतो.

मुलीनं दिलेली दुर्बीण घेऊन मी समोरच्या करवंदीआड बसायची. नर फार भित्रा. थेट ढोलीवर कधी येत नाही. आधी लांब बसतो, मान वाकडी करून खालचं सगळं बघतो, जरा पाचोळा वाजला की निघून जातो. खात्री पटली की मग येऊन खोडाला लटकतो आणि गळ्यात साठवलेली फळं एकेक वर काढून फटीत देतो. आतून चोचीचं टोक येतं, फळ घेतं, आत जातं. माझं वय झालं, दोन बाळंतपणं झाली, सासर झालं, पण एवढं निगुतीनं कुणी कुणाला भरवताना मी बघितलेलं नाही. मी बसल्या जागी रडायची. सांगायला लाज नाही वाटत.

आता भावाकडे येते. तो देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. वाईट माणूस नाही, आजारपणात मध्यरात्री गाडी काढणारा आहे. पण पवनेवर तंबू लागले, मुंबईच्या गाड्या आमच्या गावावरून जायला लागल्या, आणि त्याच्या डोळ्यांत त्या गाड्यांचे दिवे शिरले ते शिरलेच. गाड्या गावात थांबल्या पाहिजेत, थांबायला जागा पाहिजे, आणि सपाट जागा कुठली तर रानाच्या तोंडाशी, बेहड्याखालची.

एका सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "आक्का, आई ऐकंना बघ. बेहडा पाडायचा कौल लावला तर डावीच पडती."

"मग झालं की. नाही म्हणाली ती."

"न्हाई गं, पाकळी नीट चिकटत न्हाई ह्या उन्हात. गुरवानं परत लावली, परत डावीच."

"अजून किती वेळा विचारणार आहात?"

"उजवी पडस्तवर," असं तो सहज बोलून गेला. मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली कणीक तशीच टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आई काही बधली नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा या शहाण्यांनी काय करावं? आईलाच हलवलं. पुढचा उन्हाळा येईतो रस्त्याच्या कडेला नवीन देऊळ बांधलं, आत न्हाणीघरात लावतात तशा टाइल्स, बाहेर स्टीलचं रेलिंग, कळसाला रंग बदलणारे दिवे. ज्या बाईला छप्पर चालत नव्हतं तिच्या डोक्यावर स्लॅब टाकला. मी तसल्या देवळात पाया पडायला गेले नाही, रेलिंगपाशी उभी राहूनच भावाला विचारलं, आईला हलवायचा तरी कौल घेतला होता का?

"व्हय, घेतला की. लगीच उजवा दिला."

दिला असेल. इतकी वर्षं आमच्या लोकांत राहून तीही कंटाळली असेल.

"आणि आता बेहडा?"

"आई आता रानात न्हाई. इचारायचं कुणाला?" भाऊ म्हणाला. आणि शेजारी उभा असलेला गुरव खाली बघून रेलिंगवरचं प्लास्टिक सोलत राहिला.

मी त्याच पावली भावाच्या दंडाला धरलं आणि त्याला करवंदीआड नेऊन बसवलं. तो कुरकुरत होता, कंत्राटदार यायचा आहे म्हणत होता. मी म्हटलं, तोंड मिट आणि बघ. बराच वेळ काही नाही. मग नर आला. बसला, बघितलं, ढोलीला लटकला. मी दुर्बीण भावाच्या डोळ्याला लावली. पहिलं फळ फटीतून आत गेलं, मग दुसरं, मग एक सरडा. भावानं आ वासला. तो लहानपणी मोट बघायचा तेव्हा असाच बघायचा.

"आयला," तो कुजबुजला, "बाप्या लय कामाचा हाय."

"आत ती आहे. तिला पंख नाहीत आत्ता. झाड पाडलंस तर तिला चालतसुद्धा येणार नाही, कुत्री खातील. आणि हा येऊन बसेल चोचीत फळ घेऊन, द्यायचं कुणाला?"

त्यानं दुर्बीण खाली ठेवली. मग गळ्याला हात लावून म्हणाला, "आक्का, आईची आन. पाखरं उडून जास्तवर ह्या झाडाला कुणाचं बोट लागायचं न्हाई." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की माझा भाऊ अजून माणसात आहे. त्या रात्री मी पोटभर जेवले.

पुढच्या रविवारी गेले. कामशेतहून जी जीप मिळाली ती गावाच्या अलीकडेच अडकली, पुढं गाड्यांची रांग. मला वाटलं अपघात झाला. उतरून चालत गेले तर वळणावर भलामोठा फ्लेक्स. त्यावर भाऊ हात जोडून उभा, त्याच्या शेजारी धनेशाचा फोटो, तोही आमच्या नव्हे, कुठल्यातरी परदेशी, पिवळ्या-लाल चोचीच्या पाखराचा. वर अक्षरं: धनेश पॉइंट. खाली बाण.

शी. लोणावळ्यात टेकडी दिसली की तिचा पॉइंट करतात, दरी दिसली की पॉइंट, आता एका बाळंतिणीच्या खोलीचा पॉइंट केला.

बेहड्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. एकानं वडे तळायला घेतलेले, त्या तेलाचा धूर सरळ ढोलीकडे. करवंदीची माझी जाळी तोडून तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. वर ड्रोन माशीसारखा घोंघावत होता. एक बाई पोराला ढोलीखालीच मुतायला बसवत होती आणि तिचा नवरा म्हणत होता, अरे जंगल आहे, चालतं. मक्याची कणसं, कागदी पेले, थुंकी. गर्दीतून घामाचा आणि सेंटचा असा एकत्र भपका आला की मी नाक दाबून धरलं. पंचा घरी विसरले होते.

पण खरी किळस पुढेच होती. चार तरुण बुंध्यापाशी उभे राहून काठीनं खोडावर ठकठक करत होते. ठकठक केलं की फटीतून चोचीचं टोक बाहेर यायचं, आणि उघडायचं. तिला वाटायचं नर आला. ती तोंड उघडायची, खालून शंभर मोबाइल वर व्हायचे, लोक शिट्ट्या मारायचे. चोच थोडा वेळ तशीच उघडी राहायची आणि मग हळूच आत जायची. परत ठकठक.

मी त्यांतल्या एकाच्या हातातली काठी हिसकावली. ओरडले, अरे, भुकेली आहे ती, तुमच्या आईला असं कुणी केलं असतं तर. एक मुलगी मागून म्हणाली, काकू, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय. काठी घेतली तर त्यांनी चपलेनं सुरू केलं. पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊ गळ्यात शिट्टी अडकवून गाड्या लावत होता. गावातली दोनचार घरं कणसं, सरबत विकत होती. त्यांना मी काय म्हणू? भावाला मात्र कॉलरला धरलं असतं. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"बघितलंस का आक्का? तू दावलं न्हाईतर आमाला कुटं ठावं हुतं. आता ह्या झाडाला कोण हात लावतंय? गावच राखील."

"आन घेतली होतीस ना रे तू?"

"मग? पाळलीच की. बोट लावलंय का कुणी पाखराला?" तो खरंच गोंधळला होता. त्याच्या मनात कपट असतं तर मला सोपं गेलं असतं. "झाड वाचलं ना? तुजंच म्हणणं हुतं."

"नर कधी आला होता शेवटचा?"

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. "काल सकाळी असंल. गर्दीला लाजतोय जरा. सवय हुईल त्याला."

मला त्याच्याकडे बघवेना. शिसारी आली, सख्ख्या भावाची, आणि त्याच्या घरचं पाणीही न पिता मी ओढ्यापलीकडे गेले. तिथल्या दगडावर बसून दुर्बिणीनं झाडं धुंडाळली. तो सापडला. पार लांब, एका वाळक्या सावरीच्या शेंड्यावर. चोचीच्या टोकात पिकलेलं उंबर. मान वाकडी करून तो बेहड्याकडे बघत होता. दोनदा झेपावला, अर्ध्या वाटेत शिट्ट्या ऐकल्या आणि परत सावरीवर जाऊन बसला. मी मनात म्हणत होते, जा रे बाबा, जा, माणसं आहेत, वाघ नाहीत. इतक्या लांबून ठकठक मला ऐकू येत होती, म्हणजे त्यालाही येत असणार.

ऊन कललं तरी गाड्या येतच होत्या. कळसाचे दिवे लागले, लाल, निळे, हिरवे, आणि कुणीतरी गाडीचं दार उघडं ठेवून गाणी लावली. तो तसाच बसून होता, फळ अजून चोचीत. मग एकदा त्यानं बेहड्याकडे बघितलं, मान मागं टाकली आणि ते उंबर स्वतःच गिळलं.