ताईच्या खडकावरचं शेवाळ

काशीदच्या खडकांवरून ओहोटीच्या वेळी काढलेलं शेवाळ मी घरी आणलं आणि कोथिंबिरीची जुडी धुवावी तसं नळाखाली खळाखळा धुतलं. समुद्रातलं शेवाळ समुद्राच्याच पाण्यात धुवायचं असतं, हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलोय. गोड्या पाण्यात त्याच्या पेशी फुगून फुटतात आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच वाहून जातं. परातीत उरला नुसता तपकिरी लगदा. बायकोनं तो चमच्यानं हलवून पाहिला आणि विचारलं, "ह्याला फोडणी देऊ, की अजून संशोधन बाकी आहे?"

संशोधन साधंच होतं. या शेवाळात एक चिकट द्रव्य असतं. त्यापासून जखमेवर बांधायच्या पट्ट्या बनतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून ते कसं निघतं, एवढंच मला पाहायचं होतं. पण काशीदला पुन्हा जायला रजा शिल्लक नव्हती, म्हणून मोठ्या मेहुणीला फोन केला.

तिला आम्ही ताई म्हणतो. ती बायकोची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून खाडीच्या तोंडाशी ओहोटीला खडकावर बसून त्याला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, फोडते आणि बाजारात नेऊन विकते. तिचं घर त्या एका खडकावर चालतं.

दुसऱ्याच दिवशी ती दोन ओझी घेऊन हजर. पिशवीत माझं शेवाळ आणि डब्यात हंगामाची पहिली कालवं. पहिली कालवं धाकट्या बहिणीकडे पोचवायची, हा तिचा नेम. त्याआधी ती बाजारात टोपली लावत नाही.

"जावयबापू," पिशवी माझ्या पुढ्यात आपटत ती म्हणाली, "येवढं शिकून शेवटी कचराच गोळा करायचा व्हय? त्यो तर आमी बिनशिकता करतो."

कालवांचं सुकं मी भाकरीबरोबर बोटं चाटत खाल्लं. शेवाळ या वेळी खाऱ्या पाण्यात धुतलं.

द्रव्य छान निघालं. त्याच्याबरोबर शिसंही निघालं. ज्या चिकटपणासाठी मी ते शेवाळ शोधत होतो, त्याच चिकटपणाला पाण्यातले धातू धरून बसले होते. काशीदचं शेवाळ मी मोरीत सोडलं नसतं, तर ताईच्या खडकापर्यंत कधी पोचलोच नसतो. मग तिची कालवंही तपासली. त्यांतही तेच. खाडीच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचा पाइप पाण्यात उतरतो. पाइपाच्या वरच्या पाण्यात काही सापडलं नाही, खालच्या पाण्यात सापडलं.

मी अहवाल लिहिला आणि सरकारी कार्यालयात दिला. कारखान्याच्या ऑफिसातही एक प्रत घेऊन गेलो. तिथे एसी होता. साहेबांनी चहा मागवला, सोबत काजूची बिस्किटं आली. "तुमच्यासारख्या लोकांची देशाला गरज आहे," असं ते म्हणाले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मी अगदी भारावून घरी आलो आणि बिस्किटं चांगली होती हेही बायकोला सांगितलं.

पाइप आहे तिथेच राहिला. सरकारनं मात्र कारवाई केली. जेट्टीवर पाटी लावली: इथली कालवं खाऊ नयेत.

पाटीचा फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. बाजारात लोक ताईच्या टोपलीला वळसा घालून जायला लागले. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काय गं, आज कालवांबरोबर बॅटरीचे सेल फुकट का?" शेजारी बसणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आपली टोपली हातभर लांब सरकवून घ्यायच्या. हे सगळं ताईनंच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून. हातात डबा होता.

"बसा ना ताई," मी म्हणालो.

"बसाया न्हाय आले. उद्या बाजारात चला माज्यासंगं. लोकांसमोर माज्या टोपलीतलं येक कालव खाऊन दाखवा. तुमी खाल्लंत का लोकं घेतील."

मी घसा साफ केला. वर्गात शिरल्यासारखा माझा आवाज झाला. "ताई, तसं नसतं. एखाद्या कालवानं काही होत नाही. हे शरीरात हळूहळू साठतं. वर्षानुवर्षं खात राहिलं, तर..."

"येकानं कायबी व्हत न्हाय?"

"एकानं नाही."

तिनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा माझ्यासमोर धरला. "मग येकच खा. बाजार ऱ्हाऊं दे, हितंच खा. मी बघते."

सकाळीच शिजवलेली, हळद-तिखटाची, वर ओलं खोबरं. वास तोच, बोटं चाटायला लावणारा. एकानं काही होत नाही हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. तरी हात टेबलावरून उचलला जाईना. मी त्या हाताकडे असा पाहत होतो, जसा काही तो शेजाऱ्याचा आहे.

ताईनं डबा तसाच पुढे धरून ठेवला.

मग बायकोनं मधे हात घातला. एक उचललं, खाल्लं. आणखी एक खाल्लं. ताई तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होती.

"तू खाऊन काय उपेग गं," ती बहिणीला म्हणाली. "तुजं नाव पाटीखाली न्हाय."

पाटीखाली माझंही नाव नव्हतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. तिनं झाकण लावलं. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून बायको साखर काढायला वळली. तोवर ताई तसाच भरलेला डबा घेऊन पायऱ्या उतरली होती. त्यानंतर तिनं टोपली लावली नाही. आता ती रिसॉर्टमध्ये चादरी धुते.

त्या दिवशी बायको साखरेची वाटी हातात घेऊन दारातच उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तू दोन खाल्लीस. उगाच."

वाटी ओट्यावर ठेवत ती म्हणाली, "त्या पाइपवाल्याचा चहा तर बिस्किटं बुडवून प्यायलात. तिथे नाही हात अडला तुमचा."