जिभेला चिकटलेलं हाड

काथ्या आणि राख बाईसाहेबांनी दिली. घासलं माझ्या आईने. बंगल्यामागच्या नळापाशी तिने माझी मान गुडघ्यांत धरली, हनुवटी खाली ओढली आणि करपलेलं पातेलं घासतात तशी माझी जीभ घासली. पाहुणे व्हरांड्याच्या कडेला येऊन बघत होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आई मध्येच थांबली की बाईसाहेब म्हणत, "अजून." तोंडातून आधी काळं पाणी आलं, मग लाल आलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे."

माझा गुन्हा काय, तर मी एक दगड चाटला होता.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. आम्ही वरोऱ्याकडचे. बाप रेल्वेच्या साइडिंगवर गँगमन, तोही टेंपररी. आई आधी रेजा म्हणून मातीच्या टोपल्या वाहायची, मग एका साहेबाच्या बंगल्यावर अंगण झाडायला लागली. आम्ही महार. बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, घरातले देव त्याने नदीत सोडले होते. पण बंगल्याचं फाटक आलं की आम्ही पुन्हा गावात होतो तेच. आईने अंगण झाडायचं, व्हरांड्याची पायरी चढायची नाही. कारखाना नवा, रस्ते नवे, यंत्रं रशियाहून आलेली. पायरी मात्र आमच्याच मुलखातून सोबत आली होती.

साहेब नागपूरचे, भूगर्भशास्त्र शिकलेले. कारखान्याला लागणाऱ्या चुनखडीचं काम बघायचे. आधीच्या नोकरीत रानोमाळ हिंडताना त्यांनी दगड जमवले होते, ते व्हरांड्यातल्या फळीवर मांडलेले असत. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. दोन इंजिनियर, त्यांच्या बायका, एक रशियन आणि त्याची मडम. साहेबांनी मुठीएवढा एक तपकिरी दगड उचलला आणि म्हणाले, हा दगड नाही, हाड आहे. डायनासोरच्या शेपटीचा मणका. चंद्रपूरकडच्या शेतात सापडला.

मी पायरीखाली पाला गोळा करत होते. हात तिथेच थांबला. चंद्रपूरकडच्या शेतात, म्हणजे आमच्याच मातीत, घराएवढं जनावर मेलं होतं, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी मग गंमत दाखवली. हाड आणि दगड यांत फरक कसा करायचा? जीभ लावायची. दगड सुटतो. हाडाला बारीक भोकं असतात, ती ओल ओढून घेतात आणि हाड जिभेला चिकटतं. साहेबांनी स्वतः जीभ लावली. मग इंजिनियरांनी लावली, बायकांनी लाजत लाजत लावली. मडमेने लावली तेव्हा सगळे हसले. गाय खाणारी मडम. तिची जीभ चालली. तोच मणका एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे फिरला आणि कुणालाच विटाळ झाला नाही.

चहा आला तशी मंडळी आत गेली. मणका व्हरांड्याच्या कठड्यावर राहिला. मी खालूनच हात लांबवला. जीभ लावली. चिकटला. मी मागे ओढला तरी क्षणभर तो जिभेला धरूनच होता. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, खोटं कशाला सांगू. मी ओरडले, "माय, चिकटला!"

माझ्याच ओरडण्याने मी सापडले. बाईसाहेब बाहेर आल्या. त्यांच्या मागून सगळे. पुढचं सांगितलं आहे.

एक राहिलं. मला घासून झाल्यावर मणक्याचं काय करायचं, असं बाईसाहेबांनी विचारलं. साहेबांनी तो हातात घेतला नाही. माळ्याला म्हणाले, "रस्त्याच्या भरावात टाकून ये." मग इंजिनियरांकडे वळून हसत म्हणाले, "हाड जिभेला चिकटतं. ही जात मात्र कशालाही चिकटते." रशियनाला मराठी कळत नव्हतं, तोही हसला. साहेब म्हणजे शिकलेला माणूस. त्या मणक्याचं मोल त्या अंगणात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कोट्यवधी वर्षं मातीने सांभाळलेलं हाड त्याने माझ्या थुंकीपायी खडीत फेकलं. जिभेचं मी विसरले असते कदाचित. हे विसरले नाही.

संध्याकाळी कॅम्पातल्या झोपडीत बापाने माझी जीभ पाहिली आणि आईवर धावून गेला. उद्यापासून त्या घरी जायचं नाही, म्हणाला. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तुमी देव टाकले," ती म्हणाली, "मी पोट कुठं टाकू? सायबाच्या एका बोलावर तुमची नोकरी हाय." दुसऱ्या दिवशी आई पुन्हा झाडायला गेली. कितीतरी दिवस मी भाताची पेज पीत होते.

मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, आमच्यातल्या सगळ्यांचं तेच असतं. भूगर्भशास्त्रच घेतलं. वर्गात मुलगी मी एकटी. मास्तर म्हणायचे, बायका रानात कुठे राहणार. मी रानातच वाढले होते.

साठचं दशक सरत आलं तेव्हा एक तुकडी जबलपूरकडे डायनासोरची हाडं खणायला निघणार होती. मला दुसरं काही नको होतं. निवड करणाऱ्यांत आमचे साहेब होते, म्हणून मुलाखती भिलाईतच होत्या. माझ्याआधीची मुलं बाहेर येऊन जीभ पुसत होती. एकाने शिपायाकडे पाणी मागितलं. आत ट्रेमध्ये तुकडे ठेवले आहेत, हाड कुठलं आणि दगड कुठला ते जीभ लावून सांगायचं, एवढंच विचारतात, तो मुलगा म्हणाला. मी मनात हसले. ही परीक्षा मी कधीच दिली होती.

मी आत गेले. साहेबांचे केस पिकले होते. गाव विचारलं, सांगितलं. आई काय करायची, विचारलं.

"तुमचं अंगण झाडायची," मी म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. ओळखलं त्यांनी. माझ्याकडे बघत बघत ट्रे स्वतःकडे ओढून घेतला.

"तुम्ही नुसतं बघून सांगा. चाटायची गरज नाही."

"आधीच्यांनी चाटलं, साहेब."

"त्यांची गोष्ट वेगळी."

बाकीचे दोघे परीक्षक टेबलाकडे बघत राहिले. राखेची चव माझ्या तोंडात आली. खरंच आली. नुसतं बघूनही मी सांगू शकले असते, नोकरी तिथेच होती, हाताशी. गप्प बसायचं आणि बोट दाखवायचं. आईने तेच केलं असतं, आणि तिचं चुकलं असतं असं मी म्हणणार नाही.

मी ट्रे परत माझ्याकडे ओढला. एकेक तुकडा उचलला आणि प्रत्येकाला जीभ लावली, आरामात. हाडं एकीकडे ठेवली, दगड एकीकडे. मग ट्रे साहेबांपुढे सरकवला.

"आता तुम्ही तपासा. पद्धत तुमचीच आहे."

त्यांनी रुमाल काढून नाकाशी धरला. शिपायाला हाक मारली आणि म्हणाले, "हा ट्रे धुऊन आण." मी दारात असताना नळ सुटल्याचा आवाज आला.

नोकरी मिळाली नाही. घरी आले तर आई तांदूळ निवडत होती. "कावून नाही झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं, पुन्हा जीभ लावली. तिचे हात सुपातच थांबले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. ती एवढंच म्हणाली, "मंग आता?"

आता हे. मी फुकटात दुसऱ्यांच्या तुकड्यांबरोबर गेले, तंबू नाही मिळाला तर बैलगाडीखाली झोपले, आणि हाडं शोधली. आज माझी स्वतःची तुकडी आहे. साहेबांनी फेकलेला मणका भिलाईच्या कुठल्यातरी रस्त्याखाली आहे, त्यावरून ट्रक जातात. तो मला मिळणार नाही. पण माझ्या खणतीत निघालेलं प्रत्येक हाड आधी माझ्या जिभेला लागतं, मग बाकीच्यांनी तपासायचं. मोठमोठे विद्वान येतात, त्यांनाही हाच नियम. ज्याला माझं उष्टं चालत नाही त्याने परत जावं. काही गेले, त्या हाडांवरच्या एकाही निबंधात त्यांची नावं लागली नाहीत. कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतं, हाड धुऊन घेऊ म्हणतं. मी तांब्या मातीत ओतते. हाड धुवायचं नाही. जीभ मी धूत नाही.