माझ्या फोटोपायी सुर्लाचं भाट

पेडणे-डिचोली सोडून विलायतेत राबणाऱ्या माझ्या भावंडांनो, गावी फोन केला की आपल्याला एकच वाक्य ऐकावं लागतं: "तुका कितें रे, तूं पौंडांनी जोडटा!" जेवलास का, झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. हाच राग पोटात घेऊन सहा वर्षांनी यंदा मी गणपतीच्या चवथीला घरी निघालो.

मोप्याच्या विमानतळावर उतरलात तर टॅक्सीच्या नादी लागू नका, बस मिळते. मी पेडण्याच्या बाजारात उतरून पातळ भाजी आणि गरम उंडो, आपला गोल पाव, खाल्ला. शंभराच्या आत पोट तुडुंब. पुढे म्हापसा आणि तिथून डिचोलीवरून साखळी. कंडक्टर सारखा ओरडत होता, "फुडें वच, फुडें वच!" शेवटी फणसाएवढी पिशवी सांभाळणारी एक बाई कडाडली, "आनी खंय वचूं? डायवराच्या मांडयेर बसूं?" सगळी बस हसली. सहा वर्षांत एवढ्या अनोळखी माणसांबरोबर मी हसलो नव्हतो.

साखळीहून सुर्लाला जायला पायलट घ्या, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. तिथे आमचं मूळ घर, काकी आणि चुलतभाऊ शैलेश. शैलेश खनिजाचा ट्रक चालवतो. काम असलं तर असतं, नाहीतर महिनोन्‌महिने ट्रक अंगणात उभा.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानफळं गोळा करायला आम्ही घरामागच्या भाटात, म्हणजे आमच्या बागायतीत, गेलो. काजू, सुपारी, मधे रान. सुपारीच्या घडाचं शिपटं उतरवता उतरवता शैलेश म्हणाला, "हें निमाणें, फुडल्या वर्सा ना. चवथ जातकच भाट विकतां. विलायतेक धाडपी एजंट पयशांक थांबला. हांवूय येतां थंय, तुजेकडेन."

"कित्याक रे?"

त्याने मोबाइलवर मीच पाठवलेला फोटो पुढे केला. दुमजली घरासमोर, चकचकीत गाडीला टेकून उभा असलेला मी.

गाडी शेजाऱ्याची होती. घर मालकाचं, त्यातल्या एका खोलीत आम्ही चौघे झोपतो. दिवसभर दोन स्वेटर घालून थंड गोदामात चिरलेल्या भाज्या पिशव्यांत भरतो. पण तेव्हा मी मोबाइल परत दिला आणि खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचू लागलो.

एवढ्यात वाड्यावरची माणसं येऊ लागली. "शैल्या, कांगलां आसात मरे?" तो ती लालभडक फळं ज्याच्या त्याच्या टोपलीत भरत राहिला. एका म्हातारीने कमरेची पिशवी सोडली, तर म्हणाला, "दुडू दिल्यार गणपती रागार जातलो, मावशे!" अख्ख्या वाड्याची माटोळी या माणसाच्या भाटातून सजते, आणि हा स्वतःला गरीब समजून माझ्यासारखा व्हायला निघाला होता!

माणसं गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

"मागीर फोटो कित्याक धाडलो?"

"तुमी म्हाका गिरेस्त, पयशेवालो म्हणचें म्हणून."

"आवय हो फोटो देवाकडेन दवरता, कळ्ळें?" काकी माझा फोटो देवापाशी ठेवते, एवढंच बोलून तो टोपली उचलून चालू लागला.

गरिबी गोड असते, असं भाषण मी ठोकणार नाही. ट्रक उभा राहिला की काकीच्या औषधाची ओढाताण होते, आणि विलायतेतला पगार खराच आहे. पण माणसाने निवड करायची तर खऱ्याखुऱ्या दोन गोष्टींमधून करावी. एका बाजूला त्याचं भाट आणि दुसऱ्या बाजूला माझी थाप, ही निवड नव्हे, ही फसवणूक. गाव आपल्याला श्रीमंत म्हणतं, कारण आपणच तसं दाखवलं.

विलायतेत परत आल्यावर शैलेशचा निरोप आला: "एजंटाक थांबयला. पयली तुजी खोली दाखय."

मी दिवा लावला. दुमजली खाटा, ओल आलेली भिंत, दोरीवर चौघांचे मोजे. फोटो काढला, पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

भावंडांनो, तुमच्याही गावात कुणीतरी तुमचा फोटो बघून जमीन विकायला निघालं असेल. आज झोपण्याआधी आपल्या खोलीचा फोटो, काहीही न आवरता, गावच्या ग्रुपवर टाका.